फिर्यादीची भाषा शिकणारा अधिकारी

परक्या देशातून येऊन इथल्या भाषांसाठी आयुष्य वेचणाऱ्या विद्वानांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. गोव्यात १५७९ साली आलेल्या इंग्रज फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले आणि मराठीच्या अभ्यासकांनी त्याला आपल्या वाङ्मयात मानाचे स्थान दिले. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालचा. आजही शब्दाचा जुना अर्थ अडला की आपण त्याचेच पान उलटतो. इटलीतून दक्षिणेत आलेला बेस्की तमिळमध्ये इतका रमला की तमिळ जनतेने त्याला 'वीरमामुनिवर' हे नाव दिले, आणि त्याचे 'तेंबावणी' हे महाकाव्य तेथे आदराने वाचले जाते. इटलीतील उदिने गावचा लुइजी पिओ तेसितोरी फ्लॉरेन्सला वाल्मीकी व तुलसीदास यांच्या रामायणांचा तौलनिक अभ्यास करून १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला. जुन्या राजस्थानी भाषेचे व्याकरण त्याने मांडले, चारणांची काव्ये गोळा केली आणि १९१९ साली, वयाची बत्तिशीही गाठण्यापूर्वी, बिकानेरला देह ठेवला.

अशा माणसांविषयी वाचताना आपल्याला कौतुक वाटते आणि त्या कौतुकात किंचित अभिमानही मिसळलेला असतो : पाहा, आमची भाषा शिकण्यासाठी कोण कुठून आले! परंतु याची दुसरी बाजू आपण क्वचितच विचारात घेतो. आपल्यापैकी कोणी शेजारच्या, आणि त्यातही दुर्बळ गणल्या गेलेल्या समाजाची भाषा इतक्याच निष्ठेने शिकला काय? महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांना तर हा प्रश्न अधिकच लागू पडतो. कारण आपण इतरांच्या भाषांच्या अंगणात राहतो.

या प्रश्नाचे एक सन्मान्य उत्तर आमच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या इतिहासात आहे. त्या उत्तराचे नाव सेतुमाधवराव पगडी.

ज्यांना आपण ओळखतो ते पगडी

बहुतेक मराठी वाचकांना सेतुमाधवराव ठाऊक आहेत ते इतिहासकार म्हणून. फारसीचा गाढ व्यासंग असलेल्या या विद्वानाने भीमसेन सक्सेना, खाफीखान यांच्यासारख्या मोगलकालीन लेखकांचे ग्रंथ मराठीत आणले आणि 'मोगल दरबारची बातमीपत्रे' मराठी वाचकाच्या हाती दिली. ज्यांना फारसीचे अक्षरही लागत नाही अशा असंख्य अभ्यासकांसाठी त्यामुळे शत्रुपक्षाच्या नोंदींतून मराठ्यांचा इतिहास पाहण्याची वाट मोकळी झाली. शिवचरित्रावर त्यांनी मराठीत व इंग्रजीत लिहिले. सूफी संप्रदाय, गालिबच्या गझला, उर्दू काव्य हे विषय मराठी घरांत पोहोचवणाऱ्या मोजक्या लेखकांत त्यांची गणना होते. १९६० नंतर महाराष्ट्र राज्याच्या गॅझेटियर विभागाचे कार्यकारी संपादक व सचिव म्हणून त्यांनी केलेले काम जिल्हा-गॅझेटियरांच्या जाडजूड खंडांतून आजही वापरात आहे. 'जीवनसेतु' हे त्यांचे आत्मचरित्र. १९९२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९९४ मध्ये ते निवर्तले.

हे सर्व कर्तृत्व मोठेच. पण त्याच्या अगोदरचे एक प्रकरण अल्पपरिचित राहिले आहे. १९४९ ते १९५४ या पाच-सहा वर्षांत या अधिकाऱ्याने इंग्रजीत तीन पुस्तके प्रसिद्ध केली : आदिलाबादच्या गोंडांविषयीचे एक (१९४९), कोलामी भाषेचे व्याकरण (१९५०) आणि गोंडी भाषेचे व्याकरण (१९५४). ही पुस्तके विद्यापीठाच्या शांत ग्रंथालयात जन्मली नाहीत. त्यांचे मूळ जंगलातल्या पाड्यांवर, जमिनीच्या तंट्यांत आणि एका रक्तरंजित वर्षाच्या आठवणीत आहे.

नीलंग्याहून आदिलाबादला

सेतुमाधवरावांचा जन्म १९१० साली नीलंग्याचा. आज लातूर जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. कर्नाटकाची सीमा तेथून जवळ, राज्यकारभार उर्दूतून, घरोघरच्या कीर्तन-पुराणांची भाषा मराठी. अशा मुलखात वाढणाऱ्या मुलाला एकच भाषा पुरत नाही, आणि बहुभाषिकता ही तेथे विद्वत्तेची खूण नसून रोजच्या व्यवहाराची गरज असते. उच्च शिक्षण संपवून ते हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत शिरले. तेथील कागद उर्दू, जुनी दप्तरे फारसी, आणि समोर उभी राहणारी रयत मराठी, तेलुगू किंवा कानडी बोलणारी. या तीनही भाषांपैकी एकही जिची नाही अशी रयत त्यांना भेटली ती आदिलाबादेत.

त्या वेळचा आदिलाबाद जिल्हा आजच्याहून कितीतरी मोठा होता. किनवट आणि राजुरा हे तालुकेही त्यातच मोडत. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्याकडे गेले आणि पैनगंगेच्या दोन तीरांवर दोन राज्ये झाली. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही आदिलाबाद, मंचेरियाल, निर्मल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार भाग झाले. परंतु डोंगरांना सीमा ठाऊक नसतात. उटनूर, जैनूर, नारनूर, इंद्रवेल्ली या पट्ट्यात गोंड व कोलाम यांची वस्ती पूर्वीही होती, आजही आहे.

या लोकांचे दुःख थोडक्यात असे होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनी ते कसत, त्यांचा कागद त्यांच्याकडे नव्हता. संस्थानाने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या तेव्हा कित्येक पाडे त्या रेषेच्या आत सापडले आणि ती शेते अतिक्रमण ठरली. जी जमीन जंगलाबाहेर राहिली तिचा पट्टा अनेकदा दुसऱ्याच्याच नावे चढला. पटवारी, सावकार, देशमुख, बाहेरून आलेले धनको यांच्यापाशी कागद होता आणि कागद वाचण्याची विद्याही होती. गोंडाजवळ केवळ सत्य होते, आणि ते गोंडीत होते.

१९४० मध्ये हा कोंडमारा फुटला. जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम आणि त्यांचे सहकारी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ त्या सुमारास महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडले होते. सरकारने त्यांच्याकडून या प्रदेशाची पाहणी करून घेतली. हायमेनडॉर्फ आपल्या पत्नीसह मार्लवाई या लहानशा गोंड गावात राहिले. १९४३ मध्ये तेथे गोंडी शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले. गोंडी मुलांसाठी वाचनमाला निघाली ती देवनागरी लिपीत. ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती, ती त्यांना प्रामुख्याने मराठीमुळे झालेली होती. १९४८ मध्ये हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. पती-पत्नी दोघांच्याही समाध्या आज मार्लवाईत आहेत.

पाहणी झाली, अहवाल झाला, धोरण ठरले. पण धोरण शेतापर्यंत नेणारा अधिकारी लागतो. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आदिवासींच्या प्रश्नांसाठी नेमलेले विशेष अधिकारी म्हणून सेतुमाधवराव या जिल्ह्यात आले. त्या दशकात आदिवासींना लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे देण्याचे जे काम येथे झाले, त्याच्या अंमलबजावणीच्या काळातले ते अधिकारी.

दुभाष्या नको

सरकारी कचेरीतल्या त्या काळच्या चौकशीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. तक्रारदार गोंडीत बोलतो. दुभाष्या ते मराठीत किंवा तेलुगूत सांगतो. कारकून ते उर्दूत उतरवतो. तीन पायऱ्या उतरून येईपर्यंत मूळ म्हणण्यातले किती उरणार? शिवाय दुभाष्या होऊ शकणारा माणूस हा बहुधा त्याच वर्गातला, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे. कारण दोन्ही भाषा येण्याइतका व्यवहार त्याच वर्गाचा. अशा ठिकाणी अधिकाऱ्याची सदिच्छा पुरेशी पडत नाही. त्याला कानांनी स्वतः ऐकता आले पाहिजे.

म्हणून या अधिकाऱ्याने गोंडी शिकणे हे विद्वत्तेची हौस म्हणून पाहता येणार नाही. ते न्यायदानाचेच एक साधन होते. पण सेतुमाधवरावांची थोरवी अशी की ते कामापुरत्या बोलीवर थांबले नाहीत. भाषा बोलता येऊ लागल्यावर ती कशी चालते याचा त्यांनी शोध घेतला, आणि त्या शोधाचे व्याकरण झाले.

या कामाची अवघडता ध्यानात घेतली पाहिजे. गोंडीवर पूर्वी काहीच झाले नव्हते असे नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेली गोंडी गाणी व शब्द त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापले गेले. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ च्या खंडात गोंडी आणि कोलामीचे नमुने आले. चेनेव्हिक्स ट्रेंच या सनदी अधिकाऱ्याने बैतूलकडच्या गोंडीचे व्याकरण लिहिले. पण बैतूल म्हणजे सातपुडा. आदिलाबादची गोंडी तिच्याहून वेगळी, तेलुगूच्या शेजाराने घडलेली. कोलामीची स्थिती तर त्याहून दुर्लक्षित. अमेरिकेचे थोर भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी वर्ध्याकडच्या कोलामीचा अभ्यास १९३० च्या दशकात केला होता, परंतु त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५५ मध्ये. सेतुमाधवरावांचे कोलामी व्याकरण त्याआधी पाच वर्षे हैदराबादला छापून आले होते.

कान, हात आणि पाणी

गोंडी ही 'रानटी बोली' आहे, मराठी आणि तेलुगू यांची खिचडी आहे, असा समज आमच्या भागात सुशिक्षितांतही होता आणि दुर्दैवाने अजूनही पुरता गेलेला नाही. व्याकरणाच्या अभ्यासाने पहिली गोष्ट केली ती ही की हा समज समूळ उखडला.

आकडेच पाहा. गोंडीत एक, दोन, तीन, चार म्हणजे उंदी, रंड, मुंड, नालुंग. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. पहिला आकडा निराळा, पुढच्यांचे नाते स्पष्ट. पण ते नाते आई-मुलीचे नाही, बहिणीबहिणीचे आहे. याचा पुरावा आपल्या कानातच आहे. कानाला कानडीत 'किवी', गोंडीत 'केवी', कोलामीत 'केव' म्हणतात. तेलुगूत मात्र 'चेवि'. मूळचा 'क' तेलुगूत 'च' झाला, तो गोंडी-कोलामीने आणि कानडीने जपून ठेवला. हाताचेही तसेच : गोंडीत 'कय', तेलुगूत 'चेयि'. म्हणजे ज्या शब्दांना आपण अडाण्याचे उच्चार समजत होतो ते तेलुगूच्या शब्दांहून जुन्या वळणाचे निघाले! पाण्याला गोंडीत 'येर' म्हणतात. तेलुगूत 'एरु' म्हणजे ओढा, नदी. गावाला गोंडी शब्द 'नार'. तो तमिळमधल्या 'नाडु'चा सोयरा. गोंड स्वतःला गोंड म्हणत नाहीत, ते 'कोयतूर'. गोंड हे नाव इतरांनी दिलेले.

व्याकरणाची घडीही मराठीहून वेगळी आहे. आपल्याकडे तीन लिंगे. गोंडीत पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया, जनावरे, वस्तू या सर्व दुसऱ्या बाजूला. आपल्या वाचक भगिनींना ही वाटणी रुचणार नाही, पण भाषेचे नियम कोणाच्या रुचीने ठरत नाहीत. अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा भेद मोलाचा : जबानीतले एखादे क्रियापद बाईविषयी आहे की बैलाविषयी हे संदर्भानेच कळावयाचे, आणि संदर्भ कळण्यास त्या घराची, त्या शेताची ओळख हवी. व्याकरण आणि समाजजीवन यांची गाठ अशी पडते. गोंडांवरील पुस्तक आणि गोंडीचे व्याकरण हे एकाच लेखकाच्या हातून आले यात म्हणूनच आश्चर्य नाही.

या परिश्रमाचे फळ कोठवर पोहोचले? बरो आणि एमेनो यांनी तयार केलेला द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये निघाला. त्याची सुधारित आवृत्ती १९८४ ची. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ तो प्रमाण मानतात. त्या कोशात कोलामी व गोंडी शब्दांपुढे अनेक ठिकाणी 'एस. आर.' ही दोन अक्षरे दिसतात. ती सेतुमाधवरावांची खूण आहे. आदिलाबादच्या एखाद्या पाड्यावर कोणा निरक्षर कोलामाच्या तोंडून ऐकलेला शब्द त्या दोन अक्षरांच्या आधाराने जगाच्या विद्वत्सभेत जाऊन बसला आहे.

आपला ऋणानुबंध

येथे एक गोष्ट आपण मराठी माणसांनी मोकळेपणाने बोलली पाहिजे. आदिलाबादच्या गोंडांशी मराठीचे नाते दुहेरी आहे. एका बाजूने ते जिव्हाळ्याचे आहे. गोंडांच्या वंशकथा किंगरीच्या साथीने गाणारे परधान गोंडी कथा मुखोद्गत ठेवतात, पण त्यांच्या घरची भाषा मराठी. म्हणजे एका समाजाची सारी स्मृती मराठी बोलणाऱ्या गायकांनी सांभाळली! दिवाळीला दंडारीचे फड गावोगाव फिरतात आणि मोरपिसांचा मुकुट घातलेले गुसाडी नाचतात, तेव्हा मराठी घरेही अंगणात येऊन उभी राहतात. पुष्य अमावस्येला केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेस पैनगंगेपलीकडूनही माणसे येतात. मार्लवाईचे गुसाडी नर्तक कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आनंद साऱ्या जिल्ह्याला झाला. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा दुःखही सर्वांचे होते.

दुसऱ्या बाजूने, मराठी ही येथे सावकाराच्या वहीची आणि पटवाऱ्याच्या दप्तराचीही भाषा होती. गोंडाने बाजारात मराठी शिकली ती हौसेने नव्हे. मीठ-मिरची घेताना फसगत होऊ नये म्हणून. आपल्या पूर्वजांपैकी कितीजणांनी त्याची भाषा शिकली? या प्रश्नापुढे सेतुमाधवरावांचे काम उभे केले म्हणजे त्याची खरी उंची दिसते. ज्या वर्गातून अधिकारी, कारकून व सावकार येत त्याच सुशिक्षित वर्गातला हा माणूस खाली बसून 'याला तुमच्यात काय म्हणतात?' असे विचारणारा निघाला.

आमच्या भागात वर्गावर जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हा प्रश्न आजही भेटतो. पहिलीच्या वर्गात गोंड पाड्यावरून आलेले मूल महिनोन्‌महिने गप्प असते. ते मंद आहे अशी नोंद चटकन होते. वास्तविक त्याच्या घरी ते अखंड बोलत असते. पक्ष्यांची, झाडांची, सोयऱ्यांची शेकडो नावे त्याला येतात. गप्प असते ते मूल नव्हे. आपले कान बंद असतात. २००४ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला; त्यांत गोंडी आणि कोलामी होत्या, पुस्तके तेलुगू लिपीत होती. असे उपक्रम येतात आणि मंदावतात. टिकते ते शिक्षकाला येत असलेले भाषेचे ज्ञान.

दरम्यान गोंडीने एक सुखद धक्का दिला आहे. नारनूर भागातल्या गुंजाळा गावी गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते उजेडात आली. हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिचा पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये या लिपीला युनिकोडच्या जागतिक प्रमाणात स्थान मिळाले. ज्या भाषेला लिपी नाही म्हणून आपण देवनागरी दिली, तेलुगू दिली, तिची स्वतःची लिपी त्याच डोंगरात जुन्या वह्यांत जपलेली होती. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या देशभरात सुमारे २९ लाख ८४ हजार होती, कोलामीची सव्वा लाखाहून थोडी अधिक. आकडे लहान नाहीत. पण ही माणसे पाच-सहा राज्यांत विभागली गेली आहेत आणि कोणत्याच राज्यात त्यांची भाषा राज्यभाषा नाही.

ही अवस्था आपल्याला परिचयाची वाटत नाही काय? राज्याच्या सीमेबाहेर पडलेल्या मराठीचेही दुःख याच जातीचे आहे. मुलांना मराठी वाचता येईल का, मराठी शाळेचा पट टिकेल का, या चिंता आपल्या घराघरांत बोलल्या जातात. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेने सेतुमाधवरावांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध करण्याचे मोठे काम केले, ते याच आस्थेपोटी. पण आपल्या भाषेला न्याय मिळावा असे वाटणाऱ्याने शेजारच्या अधिक दुर्बळ भाषेला न्याय द्यावयास नको काय? मागण्याचा अधिकार देण्यातून येतो.

आपल्यापैकी प्रत्येकाने व्याकरण लिहावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु बाजाराच्या दिवशी दाराशी मोहाची फुले किंवा टेंभुर्णी घेऊन येणाऱ्या बाईला तिच्या भाषेत चार शब्द बोलणे, आपल्या मुलांना तिच्या गावाचे खरे नाव सांगणे, 'कोयतूर' हा शब्द आदराने उच्चारणे, एवढे तरी कोणालाही जमेल. मोठ्या अधिकारपदावरून रयतेची भाषा शिकलेल्या सेतुमाधवरावांनी पुढे इतिहासाचे डोंगर उपसले, मानसन्मान मिळवले. तरीही त्या कोशातली ती दोन अक्षरे त्यांच्या सर्व पदव्यांच्या पंक्तीला बसण्याइतकी मोलाची आहेत; कारण त्यांच्यामागे उभा असलेला शब्द एका गरिबाचा आहे आणि तो जसा उच्चारला गेला तसाच लिहिला गेला आहे.